बदल्यात दिलेले जुने इंजिन: जीप दुरुस्तीतील फसवणुकीचा अनुभव

माझ्याकडे १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४० ही फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे आणि आज तिच्या बॉनेटखाली इंजिनाची जागा रिकामी आहे. ती रिकामी कशी झाली हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण जुने इंजिन विकणारे लोक गिऱ्हाइकाला जो व्यवहार सर्रास सुचवतात, म्हणजे "तुमचे जुने इंजिन आम्हाला द्या, तेवढी किंमत कमी करतो", तोच व्यवहार मी केला आणि माझे सर्वांत मोठे नुकसान त्यातच झाले. पैसे गेले त्याचे दुःख आहेच; पण ज्या इंजिनाचा नंबर नोंदणी पुस्तकावर आहे ते इंजिन मी माझ्या दारातून, माझ्या देखत, टेम्पोत चढवून दिले.

ही जीप मी २०१६ साली जावळी तालुक्यातील एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली. त्याच्याकडे ती दुधाचे कॅन आणि हंगामात स्ट्रॉबेरीचे क्रेट वाहत असे. प्यूजोच्या रचनेचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन, चार गिअर, आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे, एक पुढची चाके जोडण्यासाठी आणि दुसरा लो गिअरसाठी. एवढी साधी यंत्रणा असल्यामुळे पान्हे हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला ती घरी उघडता येते. मी एका कारखान्यात लेथवर काम करतो, त्यामुळे ती हळूहळू स्वतःच पूर्ववत करायची असे मी ठरवले होते.

जुलै २०२२ मध्ये मोटारसायकलवरून कामावर जाताना माझा अपघात झाला, उजव्या मांडीचे हाड मोडले आणि त्यात सळई बसवावी लागली. उकिडवे बसू नका, जड उचलू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. गाडीखाली झोपून काम करण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही जानेवारी २०२३ पासून मी शेडमध्ये टेबल मांडून जे बसून करता येईल ते करू लागलो. स्टार्टर, अल्टरनेटर, ब्रेकचे सिलिंडर, सगळे वायरिंग ही कामे मी टेबलावर केली आणि गाडीखालची कामे माझा भाचा रविवारी येऊन करीत असे. लोखंडी पाइपांची तिपाई करून तिला चेन कप्पी लावली आणि इंजिन बाहेर काढले. एकूण दीड लाख रुपये बाजूला ठेवले होते, त्यापैकी ६८ हजार पत्रा, ब्रेक आणि वायरिंग यांत संपले होते.

घाईला एक कारणही होते. गाडीच्या नोंदणीची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली होती. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क पाच हजार रुपये झाले होते, आणि उशीर झाल्यास दरमहा पाचशे रुपये वाढतात. पर्यावरण कर वेगळाच. शिवाय गाडी चालू स्थितीत आरटीओपुढे नेऊन चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर दाखवावा लागतो. घरी बसून अर्ध्या पगारात दिवस काढणाऱ्या माणसाला हे दरमहा पाचशे रुपये फार दिसतात.

माझे जुने इंजिन झिजलेले होते, धूर करीत होते, पण त्याचा ब्लॉक शाबूत होता. ओळखीच्या इंजिन कारागिराने लाइनर-पिस्टन, क्रँकचे ग्राइंडिंग, हेडचे काम आणि डिझेल पंप मिळून ६२ हजारांचा अंदाज दिला होता. त्याच सुमारास मोबाइलवरील एका जाहिरातीतून परजिल्ह्यातील एक विक्रेता सापडला. त्याच्याकडे याच जीपचे "रीकंडिशन" केलेले इंजिन ४६ हजारांना होते आणि जुने इंजिन बदल्यात दिल्यास आठ हजार कमी, म्हणजे ३८ हजार. वाचलेल्या २४ हजारांत टायर होतील, हा हिशेब मी त्याच रात्री कागदावर मांडला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

बोलण्याच्या ओघात मी माझ्या पायाबद्दल त्याला सांगितले, ही माझी पहिली चूक. मी प्रत्यक्ष बघायला येतो म्हटल्यावर तो म्हणाला, "दादा, पायाची अशी अवस्था असताना एवढ्या लांब कशाला येता? मी व्हिडिओ पाठवतो, माल घरपोच येईल." त्या वेळी मला तो माणुसकीचा शब्द वाटला. व्हिडिओत लोखंडी स्टँडवर ठेवलेले इंजिन पहिल्याच सेल्फला चालू होत होते, आवाज एकसारखा होता, धूर जवळजवळ नव्हता. आता तोच व्हिडिओ पुन्हा पाहताना मला कळते की त्यात इंजिनाचा नंबर एकदाही दाखवलेला नाही, आणि चालू करण्यापूर्वी ते थंड होते याचाही काही पुरावा नाही. आधीच तापवून ठेवलेले डिझेल इंजिन, झिजलेले असले तरी, चटकन चालू होते.

हे इंजिन लष्कराच्या लिलावातील गाडीचे आहे, असेही त्याने सांगितले. लष्कराचे नाव घेतले की आपल्या मनातील शंका गळून पडते आणि हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते. वस्तुतः लष्कराची मोडीत काढलेली वाहने रीतसर लिलावाने विकली जातात, त्यांतील बरेच लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन होतात, आणि घेणाऱ्याला माल ताब्यात दिल्याची कागदपत्रे मिळतात. मी ती मागितली तेव्हा "मालाबरोबर पाठवतो" असे उत्तर आले. मी पुन्हा विचारले नाही.

दहा हजार आगाऊ पाठवले. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीचा, फोटो आल्यावर उरलेले अठ्ठावीस हजार पाठवले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर दुकानाचे नाव नव्हते, एका तिसऱ्याच व्यक्तीचे नाव होते. "घरच्यांचे खाते आहे" एवढ्या खुलाशावर माझे समाधान झाले. माझे जुने इंजिन त्याने सुचवलेल्या टेम्पोतून गेले, त्याचे भाडे ३,६०० रुपये मी दिले. येणाऱ्या इंजिनाचे टू-पे, म्हणजे माल घेताना द्यायचे, भाडे ४,२०० रुपये झाले. असे एकूण ४५,८०० रुपये.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी इंजिन आले. ताज्या निळ्या रंगाने ते नवे कोरे दिसत होते. सोबतच्या साध्या पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, इंजिनाचा नंबर नव्हता, फक्त "चेकिंग वॉरंटी ७ दिवस" असा शिक्का होता. लष्कराचा एकही कागद नव्हता. त्याच आठवड्यात मांडीतील एक स्क्रू काढण्यासाठी मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले, पुढे गणपती आले, आणि ताडपत्रीखाली झाकलेले ते इंजिन सात आठवडे तसेच पडून राहिले.

१५ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, रविवार असल्याने भाचा आला आणि आम्ही ते जमिनीवरच्या स्टँडला बांधून, रेडिएटर जोडून चालू केले. पहिली पंधरा मिनिटे मी फार समाधानात होतो. मग पाणी तापले आणि ब्लॉकच्या बाजूला, खालच्या अंगाला, निळ्या रंगावर घाम आल्यासारखे थेंब उभे राहिले. मी फडक्याने पुसले, ते पुन्हा आले. इंजिन बंद केले आणि दाढीच्या पात्याने तेथील रंग खरवडला. रंगाखाली करडी लांबी (पुट्टी) निघाली, एम-सीलसारखी, पात्याखाली तिचे टवके उडत होते. त्या पुट्टीखाली चार बोटे लांब चीर होती आणि त्या चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलने पाडलेले बारीक छिद्र होते. ओतीव लोखंडातील चीर पुढे पळू नये म्हणून कारागीर तिच्या टोकांना असे छिद्र पाडतात. मी स्वतः लेथवर काम करणारा असल्यामुळे ती दोन छिद्रे पाहिल्यावर मला दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची गरज उरली नाही. चीर कोणालातरी दिसली होती, त्याने ती अडवण्याचा प्रयत्न केला होता, आणि नंतर ती लांबी भरून, रंग मारून मला विकण्यात आली होती.

इंजिन कारागिराच्या मते ते थंड प्रदेशातील गाडीचे असावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि कुलंट न घालता नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या गाडीचा ब्लॉक हिवाळ्यात नेमका पाण्याच्या पोकळीच्या बाजूने फुटतो. ऑइल काढले तर ते काकवीसारखे ओघळले. आवाज दबावा आणि ऑइलचा दाब चांगला दिसावा म्हणून त्यात गिअरचे ९० नंबरचे ऑइल मिसळलेले होते.

सर्वांत वाईट गोष्ट त्यानंतर समजली. ब्लॉकवर नंबर कोरण्याची जी सपाट जागा असते तिच्यावर रंगाचा जाड थर होता. तो थिनरने धुतल्यावर ग्राइंडरच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसल्या, आणि त्या रेषांवर नंबर ठोकलेला होता: एक आठ कललेला, एक तीन ओळीच्या खाली उतरलेला, दोन आकड्यांमधले अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळे. कारखान्यात ठोकलेला नंबर असा नसतो. मूळ नंबर घासून टाकला आहे याचा अर्थ ते इंजिन चोरीच्या गाडीचे असण्याची शक्यता आहे, आणि असे इंजिन आपल्या गाडीत बसवणे म्हणजे फसवल्या गेलेल्या माणसाने संशयिताच्या जागी जाऊन उभे राहणे होय.

येथे कायद्याची बाजू सांगितली पाहिजे, कारण घरी काम करणाऱ्या कितीतरी जणांना ती इंजिन बदलून झाल्यावर कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांबाबत तरतूद आहे. इंजिन बदलायचे असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन नवा नंबर नोंदणी पुस्तकावर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिन कोठून आले हे सांगणारे, इंजिनाचा नंबर लिहिलेले रीतसर बिल लागते. दुसऱ्या गाडीतून काढलेले असेल तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही हाताशी असला पाहिजे. माझ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. आणि ज्याच्या नंबरसाठी कोणाची परवानगी लागली नसती, ते मूळ इंजिन मी आठ हजारांच्या सवलतीसाठी देऊन बसलो होतो. ६२ हजारांचे काम दोन टप्प्यांत करून घेतले असते, दंडाचे पाचशे रुपये आणखी सहा महिने भरले असते, तरी ते स्वस्त पडले असते.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला की वॉरंटी संपली, नंतर म्हणाला की इंजिन मी आणि भाच्यानेच तापवून फोडले. छिद्रांचे फोटो पाठवल्यावर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार केली, पण ती पैसे गेल्यानंतर सात आठवड्यांनी. पैसे पाठवल्यानंतर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी अडवता येण्याची आशा असते. माझ्या बाबतीत त्या खात्यात ६,४०० रुपये उरले होते, तेवढे रोखले गेले आणि अद्याप माझ्या हाती आलेले नाहीत. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली गुन्हा नोंद झाला. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या अशा प्रकारास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. पंचनामा होऊन ते निळे इंजिन जप्त झाले. व्यवहाराचे क्रमांक, बिल्टी, पावती, सगळे संदेश आणि पात्याने खरवडतानाचा भाच्याने काढलेला व्हिडिओ मी जपून ठेवला होता, तो तपासात उपयोगी पडला. टेम्पोचा नंबर मात्र मी लिहून घेतला नव्हता, आणि माझे इंजिन कोठे उतरवले गेले हे त्यामुळे अजून कळलेले नाही.

कोणी दूरवरून इंजिन घेतच असेल तर त्याला माझी कळकळीची विनंती आहे की स्वतः जाता येत नसल्यास रोज देऊन त्या गावचा एखादा मेकॅनिक पाठवावा. त्याने नंबरची जागा पुसून तिचा पेन्सिलने कागदावर ठसा घ्यावा, ब्लॉकचा रंग दोन-तीन ठिकाणी खरवडून पाहावा आणि इंजिन थंड असताना हात लावून मगच चालू करायला सांगावे. चिरेचा संशय आल्यास रॉकेल आणि खडूची जुनी चाचणी करता येते: एका बाजूने रॉकेल लावायचे, दुसऱ्या बाजूला खडूची भुकटी फासायची, आणि चीर आरपार असेल तर भुकटीवर ओली काळसर रेघ उमटते. माझ्या ब्लॉकवर मी ती नंतर केली. लांबी खरवडून काढल्यावर दोनच मिनिटांत रेघ आली. लांबी जागेवर असती तर कदाचित ती आली नसती, म्हणूनच रंग खरवडू न देणाऱ्या विक्रेत्याकडून माल घेऊ नये.

माझ्या मूळ इंजिनाला एक खूण आहे. अल्टरनेटर ज्यावर बसतो तो ब्लॉकवरचा कान माझ्याकडे येण्यापूर्वीच कधीतरी तुटला होता आणि पितळाने जोडलेला होता. करंगळीएवढ्या लांबीचा तो पिवळा जोड रंगाखालीही उंचवट्यासारखा हाताला लागतो. एमएम ५४० चे जुने इंजिन कोणाला दाखवले गेले आणि त्याच्या कानावर असा जोड आढळला, तर ते विकत घेऊ नये. त्याच्या नंबरचा फोटो काढून जवळच्या पोलीस ठाण्यात दाखवावा. नोंदणी पुस्तक मी जपून ठेवले आहे आणि त्यावर तोच नंबर आहे.