तालीम, कराटे की मर्दानी खेळ? गुरूचा गुरू कुठे विचारायचा

बहिणीचा फोन आला. पोरगा आठ वर्षांचा झाला, तालमीत घालू की कराटेला? जवळच मर्दानी खेळ शिकवणारेही आहेत. तिन्हीकडे तिला एकच ऐकवलं गेलं, 'आमची गुरुपरंपरा मोठी आहे.' हार घातलेले फोटोही तिन्ही भिंतींवर होते. या फोटोंना किती किंमत द्यायची, एवढंच तिला हवं होतं.

माझं म्हणणं असं की तिन्हीकडे किंमत सारखी नाही. शिकलेला डाव रोज समोरच्यावर आजमावला जात असेल, तर परंपरेची चौकशी थोडी कमी केली तरी चालते. आजमावायची सोयच नसेल, तर मात्र गुरूचा गुरू विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

तालमीचं बघा. 'कुणाचा पठ्ठा?' हा तिथला पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर छाती फुगवून दिलं जातं. कोल्हापुरात गणपतराव आंदळकर मोतीबाग तालमीत घडले, १९६० साली हिंदकेसरी झाले आणि पुढे तिथेच वस्ताद म्हणून उभे राहिले. असं नाव मागे असलं की पोराचा कस लागतो हे खरंच. पण जोड लागली की वस्तादाचं नाव पाठीला माती लागण्यापासून वाचवत नाही. दोन मिनिटांत हिशेब होतो, तोही सगळ्यांसमोर. म्हणूनच कुस्तीत गुरू बदलला किंवा वाढला तरी फारसं बिघडत नाही. खाशाबा जाधवांचे पहिले वस्ताद त्यांचे वडील. मॅटवरच्या कुस्तीची शिकवणी त्यांनी नंतर एका परदेशी प्रशिक्षकाकडून घेतली. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. शिकवणाऱ्यांची रांग सरळ नव्हती, निकाल मात्र चोख होता.

'वस्ताद एक डाव राखून ठेवतो' ही म्हण तालमीतलीच. आठ वर्षांच्या पोराला त्या राखून ठेवलेल्या डावाची काळजी नको. वस्ताद स्वतः मातीत उभा असतो का आणि लहानांची जोड वजन बघून लावतो का, एवढं पाहावं. फी फार नसते, खुराकाचा खर्च मात्र घरावर पडतो.

कराटेत मामला वेगळा. इथे माझं स्वतःचं हसं झालंय. शाळेत असताना तपकिरी पट्ट्यापर्यंत गेलो होतो. आमच्या सरांनी ते कोणत्या शैलीचे, कुणाकडे शिकले, हे कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. गाव बदललं, नवीन क्लासला गेलो. तिथले सर म्हणाले, 'पिनान निदान हा काता (ठरलेल्या हालचालींचा संच) करून दाखव.' मी खांबासारखा उभा. शेजारच्या मुलाने सुरू केला तेव्हा कळलं, हा तर शंभरदा केलेला हेइयान शोदान! पुन्हा पिवळ्या पट्ट्यापासून सुरुवात झाली.

यामागे परंपरेचीच गोष्ट आहे. पिनान हे पाच काता ओकिनावाच्या अंको इतोसूंनी शाळकरी मुलांसाठी बसवले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२मध्ये कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी या कातांची नावं बदलून 'हेइयान' केली, पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदलही केली. ही शोतोकान शाखा. इतोसूंचेच दुसरे शिष्य केन्वा माबुनी यांनी जुनी नावं ठेवली आणि आपल्या शैलीला 'शितो' म्हटलं. इतोसू आणि हिगाओन्ना या दोन गुरूंच्या आडनावांतलं एकेक अक्षर घेऊन ते नाव बनलंय. गुरूचं ऋण थेट पाटीवरच!

हात असा का फिरतो, इथे पाय खोल का टाकायचा, याचं उत्तर कातामध्ये दिसत नाही. ते शिकवणाऱ्याच्या तोंडून येतं, आणि त्याला ते कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं. स्पर्धेतली कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, थोडीफार पारख करते, पण बऱ्याच क्लासांत ती वर्षातून एखाद्या वेळी होते, पट्ट्यांच्या परीक्षा मात्र दर काही महिन्यांनी. मुळात पट्टे आले ते ज्युदोतून, जिगोरो कानो यांच्याकडून. फुनाकोशींनी ते कराटेत आणले. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या दर्जालाही 'शोदान' म्हणजे पहिली पायरीच म्हणतात, तेव्हा काळा पट्टा ही सुरुवात असते. वर्षभरात काळ्या पट्ट्याची हमी मिळाली, तर चप्पल घालून निघावं.

सर्टिफिकेटवरच्या 'आंतरराष्ट्रीय' शिक्क्यानेही भुलू नका. क्योकुशिन या कराटे शैलीचे संस्थापक मासुतात्सु ओयामा १९९४मध्ये गेले आणि संघटनेचे अनेक तुकडे झाले. आज प्रत्येक तुकडा स्वतःला खरा वारस म्हणवतो. संघटनेच्या नावापेक्षा माणसाचं नाव विचारलेलं बरं: तुम्ही कुणाकडे शिकलात, किती वर्षं, आणि आजही कुणाकडे शिकायला जाता?

मर्दानी खेळात परंपरेला सगळ्यात जास्त वजन. फरी-गदक्यात, म्हणजे ढाल-काठीच्या खेळात, दोघे समोरासमोर येतात, तेवढीच काय ती झटापट. दांडपट्टा माणसावर आजमावून कसा बघणार? त्याची मूठ मनगटाच्या वरपर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, सगळा फिरवा कोपर आणि खांद्यातून येतो. हे कुणीतरी हात धरून शिकवलं तरच बसतं. २०२४मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत फिरवणारे वाढले. चांगलंच आहे, पण लिंबू कापून टाळ्या मिळवणं वेगळं आणि पवित्रा कळणं वेगळं. कोल्हापुरात जिथे आजही एखादा म्हातारा वस्ताद बाकावर बसून पोरांचे पाय बघतो, तिथेच घालावं. व्हिडिओ बघून बसवलेला संच असेल, तर व्यायाम होईल, विद्या येणार नाही.

बहिणीची दर तीन वर्षांनी बदली होते, म्हणून म्हाताऱ्या वस्तादाचा पर्याय तिला जड गेला. तालीम तिला पटली होती, पण पोराला खुराकातलं दूध नको. शेवटी ती दोन कराटे क्लासांत जाऊन आली. पहिल्या ठिकाणी तिच्या प्रश्नावर संघटनेचं माहितीपत्रक हातात आलं. दुसऱ्या ठिकाणी सर म्हणाले, 'शितो-रियू. माझे सर मुंबईला आहेत, दिवाळीनंतर चार दिवस जातो, अजून ओरडा खातो.' तिने तिथे फी भरली.