मलार्डच्या नावाने घेतलेले चार व्हॉल्व्ह

सत्तावीस हजार रुपये गेले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ते परत मिळाले असतील अशी आशा धरून कुणी वाचायला नको.

मी पुण्यात राहतो. आठवडाभर एका कारखान्यात मेंटेनन्सला असतो आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. सुपारी असेल तिथे जातो: लग्नाचं लॉन, कॉलेजचं गॅदरिंग, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. गेली नऊ वर्षं व्हॉल्व्हचे बेस ॲम्प स्वतः बांधतोय. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या, आवाजाचा सिग्नल मोठा करणाऱ्या. आतापर्यंत सहा झाले, त्यातले दोन विकले, एक जळला. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. एवढा खालचा सूर ताकदीनिशी बाहेर काढायचा तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड लागतं, भरपूर लागतं. माझा ट्रान्सफॉर्मरच साडेपाच किलोचा आहे आणि अख्खा डबा बावीस किलोचा. १९६९ साली आलेल्या अँपेग कंपनीच्या एसव्हीटी ॲम्पपुढे हे काहीच नाही. तो ३०० वॉटचा, चौदा व्हॉल्व्हचा, एकट्याने उचलायला गेलं तर कंबर धरायचीच. माझ्यात पॉवरचे चारच व्हॉल्व्ह, ईएल ३४ जातीचे, शंभर वॉट. हातात मावणारे दोन किलोचे ॲम्प हल्ली मिळतात हे मला माहीत आहे. बायको दर शोच्या आधी त्याची आठवण करून देते.

ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की पॉवर व्हॉल्व्ह झिजतात. माझे २०२४ च्या दिवाळीपर्यंत थकले होते. आता जगात व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरलेत, मुख्यतः रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियातून माल येणं काही काळ अडलं आणि भाव चढले. नवे चार ईएल ३४ मागवले असते तर काम भागलं असतं. पण माझ्या डोक्यात मलार्ड होते.

इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला मलार्डचा कारखाना होता. तिथे व्हॉल्व्ह बनणं बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली. आज मलार्डच्या नावाने जे नवे मिळतात ते सारातोव्हचे, नाव फक्त विकत घेतलेलं. जुने, न वापरलेले, खोक्यातले मलार्ड मिळाले तर लोक देव्हाऱ्यात ठेवतात. त्यांचा आवाज खरंच तितका वेगळा असतो का, यावर मी आता बोलत नाही. तेव्हा खूप बोलायचो.

ओळखीतल्या एका गिटारवाल्याने नंबर दिला. पलीकडचा माणूस अतिशय गोड. वडील सोलापूरकडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते म्हणाला. टॉकीज पाडायला काढलं, केबिनमधल्या कपाटात सुटे व्हॉल्व्ह निघाले, वडिलांना आता दिसत नाही, घरात नुसते पडून आहेत. फिलिप्सच्या सिनेमा ॲम्प्लिफायरमध्ये ईएल ३४ असायचे हे खरं आहे, त्यामुळे गोष्ट चपखल बसली. त्याने कार्बन आर्कचा धूर, रिळं बदलताना वाजणारी घंटा, असं काय काय सांगितलं. माझे मामा टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. मीच त्याला दोन आठवणी पुरवल्या. त्या फोनवर आम्ही व्हॉल्व्हबद्दल पाच मिनिटं बोललो असू आणि टॉकीजबद्दल अर्धा तास.

मग व्हिडिओ आला. व्हॉल्व्ह टेस्टर, त्यात एकेक करून चारही लावलेले, काटा हिरव्या पट्ट्यात. खोक्यांवर पेनने लिहिलेलं: ३५, ३५, ३६, ३५. म्हणजे चारही सारखा करंट ओढणारे, मॅच्ड. मुंबईचा एक स्टुडिओ मागे लागलाय, पण तुम्ही कलाकार माणूस, तुम्हाला आधी विचारतो, दादा. निम्मे आधी, निम्मे कुरियरची पावती पाठवल्यावर. बारा दिवसांवर तळेगावचा शो होता. मी दोन्ही हप्ते मोबाइलवरून टाकले.

त्या टेस्टरबद्दल सांगायलाच हवं, कारण यातच बहुतेक जण फसतात. तसला साधा टेस्टर कमी व्होल्टेजवर एवढंच बघतो की व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉन सोडतोय का. माझ्या ॲम्पमध्ये प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या धातूच्या पत्र्यावर, ४५० व्होल्ट असतात. दहाच्या वेगाने चालणाऱ्या गाडीचे ब्रेक लागले म्हणून ती घाटात नेण्यासारखं आहे. आत थोडा वायू शिरलेला व्हॉल्व्ह या टेस्टरवर झकास पास होतो आणि खऱ्या व्होल्टेजवर तापला की स्वतःचा बायस, म्हणजे सूर नसताना त्यातून किती करंट वाहायचा त्याची बसवलेली पातळी, स्वतःच ढासळवतो.

पार्सल आलं. निळी-लाल खोकी बघून मी खरंच हरखलो. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या सॉकेटमध्ये ते चुकू नये म्हणून मी नेहमी बुडावर ठिपके देतो. बायकोच्या मरून नेलपॉलिशचे, एक, दोन, तीन, चार. ते दिले आणि लावले. बायस मोजला. ईएल ३४ ची प्लेट २५ वॉट सोसते. त्याचे सत्तर टक्के धरले तर ४५० व्होल्टला ३८-३९ मिलिॲम्पिअर बसतात. माझ्याकडे आले २६, ३१, ३७ आणि ५१.

इथेच थांबायला हवं होतं. मी फोन लावला. तो म्हणाला, "दादा, चाळीस वर्षं झोपलेत ते. वीस-पंचवीस तास चालू द्या, आपोआप बसतात." नवा व्हॉल्व्ह पहिले काही तास थोडा हलतो हे खरं आहे. एक सव्वीसवर आणि एक एक्कावन्नवर असताना ते कधीच जुळत नाहीत, हेही मला माहीत होतं. पण तो बोलत होता ते मला ऐकायचं होतं. मी बायस जरा खाली घेतला, दोन रात्री चालू ठेवला, एक्कावन्नाचे सत्तेचाळीस झाले आणि मी स्वतःला सांगितलं की बसतोय.

तळेगावच्या लॉनवर जनरेटर होता. मीटर लावून बघितलं तर २५५ व्होल्ट. घरी रात्री २२५ असतात. साउंडवाला पोरगा बेसची लाइन डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला घेऊ म्हणत होता. मी म्हटलं, नको, कॅबिनेटपुढे माइक लाव, लोकांना व्हॉल्व्ह ऐकू दे. हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

पहिला सेट छान गेला. दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या गाण्यात मागून घुमायला लागलं, आधी हळू, मग सुराच्या वर. कीबोर्डवाला मान वळवून ओरडला, "अरे, तुझ्या डब्यात निखारा पेटलाय!" जाळीतून बघितलं तर चार नंबरच्या व्हॉल्व्हची प्लेट लालभडक. हात स्टँडबायच्या बटणाकडे जाईपर्यंत फट् आवाज झाला आणि सगळं गप्प. पुढे नाचणारी पोरं ड्रमरकडे बघायला लागली, त्यांना वाटलं तोच चुकला. डीआय बॉक्स शोधून तार लावेपर्यंत चार मिनिटं गेली. चार मिनिटं बेसशिवाय ऑर्केस्ट्रा कसा वाजतो ते मी पहिल्यांदा स्टेजवर उभं राहून ऐकलं. आयोजकाने बिदागीतून पाच हजार कापले. ते सगळ्यांच्या वाट्यातून गेले. माझ्या एकट्याच्या वाट्यातून कापा म्हटलं तर ग्रुपलीडर बोलेनाच.

एचटी फ्यूज, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या बाजूचा, वेळेवर उडाला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला. व्हॉल्व्हच्या आतल्या स्क्रीन नावाच्या जाळीला जोडलेला एक रेझिस्टर मात्र कोळसा झाला.

चारही व्हॉल्व्ह घेऊन मी रेडिओवाल्या काकांकडे गेलो. काकांनी पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत. आधी त्यांच्याकडेच का गेलो नाही याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते फार शोभेचं नाही: ते भाव पाडून बोलतात आणि मला माझा आनंद पाडून घ्यायचा नव्हता.

त्यांनी एक व्हॉल्व्ह उचलला आणि मलार्डच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. काही झालं नाही. रुमालाला स्पिरिट लावून घासलं, तरी अक्षरं जशीच्या तशी. "हे बघ," म्हणाले आणि फळीवरच्या जुन्या रेडिओतला एक मलार्डचा ईएल ८४ काढला, अंगठा फिरवला. अर्धं नाव अंगठ्यावर आलं. जुन्या मलार्डचा छाप असा पुसट असतो. न जाणारं असतं ते काचेच्या खालच्या बाजूला कोरलेलं. फिकट राखाडी, बारीक, दोन ओळींत. वरची ओळ व्हॉल्व्हच्या जातीची, ईएल ३४ असेल तर एक्सएफ आणि पुढे आकडा. खालच्या ओळीत पहिलं अक्षर कारखान्याचं, ब्लॅकबर्न असेल तर बी, मग वर्ष, महिना, आठवडा. बॅटरी तिरपी धरून बघायचं, नाहीतर दिसत नाही. माझ्या चारपैकी एकावरही काही नव्हतं.

मग काकांनी तोंडाजवळ धरून काचेवर 'हा' केलं. वाफ बसली आणि मलार्डच्या नावाशेजारी दुसऱ्याच एका छापाची सावली उमटली. पुसलेली, पण काचेत राहिलेली. वाफ उडाली तशी गेली. मी तीनदा करून बघितलं. चारपैकी दोघांवर ती सावली होती, आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. म्हणजे ते एका कपाटातून काय, एका देशातूनही आले नसावेत. पिनांवर सॉकेटचे ओरखडे होते, एकाचा बुडाचा रंग तापून तपकिरी पडलेला. काचेच्या आत गेटरचा, म्हणजे उरलासुरला वायू शोषणाऱ्या थराचा, चांदीसारखा डाग असतो, तो एकाच्या कडेला विरून गेलेला. न वापरलेल्या व्हॉल्व्हचा असा नसतो. हे सगळं मला दिसण्यासारखंच होतं. मी खोकी बघत बसलो होतो.

घरी येऊन तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. व्हिडिओतल्या व्हॉल्व्हमध्ये गेटरच्या दोन कड्या होत्या. माझ्याकडच्यांत एकेकच.

विक्रेत्याने फोन उचलला, हे विशेष. म्हणाला, "दादा, माल शंभर टक्के खरा आहे. घरी बांधलेला ॲम्प आहे ना तुमचा? त्यातच काहीतरी असणार." हे मात्र बरोबर वर्मावर बसलं. व्हॉल्व्ह खोटे आहेत हे काकांनी दाखवूनही मी दोन रात्री स्वतःचा ॲम्प उलटा-पालटा करून तपासला. प्रत्येक सांधा, प्रत्येक कपॅसिटर. रेझिस्टर बदलला, जुने थकलेले व्हॉल्व्ह परत लावले. ॲम्प मुकाट्याने वाजला. तिसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज आला: वाद नको, चारही परत पाठवा, तपासून पूर्ण पैसे देतो.

काका म्हणाले, "पाठवू नकोस. पावत्या आणि हे व्हॉल्व्ह, एवढंच आहे तुझ्या हातात." मी पाठवले. जळकासुद्धा, व्यवस्थित थर्माकोलमध्ये गुंडाळून, कुरियरचे पैसे माझे. पोचल्याची नोंद दुपारी झाली आणि संध्याकाळी माझा नंबर ब्लॉक.

१९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला तेव्हा पैसे देऊन महिना होत आला होता. तिथे पैसे अडवता येतात ते लगेच कळवलं तर. खात्यातून पुढे गेल्यावर हातात काही राहत नाही. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, आमच्याकडे येत नाही. चौकीत हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. चारसोवीस कलम आता राहिलं नाही, नव्या संहितेत ते ३१८ झालंय, हे मला त्यांच्याकडून कळलं. मग त्यांनी विचारलं, "खोटी वस्तू कुठाय?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

नव्या चार व्हॉल्व्हवर सध्या वाजवतोय, स्लोव्हाकियाचे, साधे, बिलासकट. चारही ३७-३८ ला बसलेत. आणि साउंडवाला डीआय म्हणाला की मी 'हो' म्हणतो, माइकसुद्धा लाव म्हणतो.

एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या एका मुलाचा फोन आला. गिटार वाजवतो, पहिलाच व्हॉल्व्हचा ॲम्प बांधतोय, कुणीतरी माझा नंबर दिला. टॉकीजच्या कपाटातले मलार्ड मिळतायत, मॅच्ड, बत्तीस हजार, घेऊ का? फोटो पाठव म्हटलं. पहिल्या फोटोत निळी-लाल खोकी. दुसऱ्यात चारही व्हॉल्व्ह आडवे ठेवलेले, बुडं कॅमेऱ्याकडे. एकावर मरून रंगाचा एक ठिपका, शेजारच्यावर दोन, त्याच्या शेजारी तीन.

मी विचारलं, पैसे दिलेस का. निम्मे, म्हणाला, अर्ध्या तासापूर्वी. मी म्हटलं, माझा फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता १९३० ला लाव, बाकी नंतर बोलू.

फोन ठेवल्यावर तो फोटो मोठा करून पाहिला. चौथ्याच्या बुडावर माझे चार ठिपके नव्हते. पांढऱ्या रंगाने एक छोटी फुली मारलेली होती, कुणीतरी काळजीपूर्वक.