श्वास आत घेताना आवाज आला, तिथेच थांबायला हवं होतं

घोड्याचे २ लाख ३५ हजार, वाहतुकीचे १४,५००, विक्रेत्यानेच आणलेल्या डॉक्टरचे २,५०० आणि खरं काय ते कळायला एंडोस्कोपीचे ६,८००. एकूण २ लाख ५८ हजार ८००. लाज वाटतेय, तरी लिहितोय.

घोडा उंचापुरा, देखणा. पायी चालवला, दुडक्या चालीने पळवला, काहीच खोट नाही. मीच म्हटलं, जरा चौखूर सोडा. दुसऱ्याच फेरीला घशातून करवत ओढल्यासारखा आवाज. विक्रेता लगेच म्हणाला, "नाकपुड्या फडफडतात हो दादा, उमद्या जनावराची खूण आहे ती." अहो, नाकपुड्या फडफडतात त्या श्वास सोडताना! चौखूर धावताना घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो. पुढचे पाय टेकतात तेव्हा तो सुटतो. हा आवाज पाय हवेत असताना येत होता, म्हणजे श्वास आत घेताना. मी स्वतःच्या कानांनी ऐकला आणि गप्प बसलो.

गळ्याखाली हात फिरवला तर बोटभर लांब, कडक, सरळ रेघ. "म्होरकी घासली." तेही मानलं. त्या जागी वण दिसला तर आधी घशाच्या ऑपरेशनचं विचारा.

मी नवखा नाही, बारा वर्षं घोडी सांभाळतोय. पण हातात डॉक्टरचा कागद होता: हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम. घशाबद्दल एक अक्षर नव्हतं, हे घरी येऊन लक्षात आलं. डॉक्टर आपला आपण आणा!

एंडोस्कोपीत दिसलं, स्वरयंत्राची डावी बाजू लुळी. श्वास घेताना तिथली कूर्चा बाजूला सरकतच नाही, हवेच्या वाटेतच लोंबते. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, मग जीव तोडून धावणार कसा? उभ्या घोड्यात यातलं काही ऐकू येत नाही. म्हणून दमेपर्यंत पळवून घ्या, आवाजासकट व्हिडिओ काढा.

पोलिसांकडे तीनदा गेलो. "घोडा जिवंत आहे, खातोय, मग फसवणूक कसली?" दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा म्हणे दिवाणी मामला, कोर्टात जा. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. डॉक्टरविरुद्ध तक्रार केली, तर उत्तर आलं की कागदावर लिहिलेलं काहीच खोटं नाही. न लिहिलेल्याचं काय?

विक्रेत्याचा फोन बंद आहे. ऑपरेशन आधीच होऊन फसलंय हे त्याला माहीत होतं. व्यवहाराच्या कागदावर "घशाचं ऑपरेशन झालेलं नाही" एवढी एक ओळ लिहून घेतली असती, तर आज कोर्टात दाखवायला माझ्या हातात काहीतरी असतं.