पिनबॉलचे प्लेफील्ड: मेण लावावे की वर शीट घालावी?

घरी पिनबॉल मशीन आणणाऱ्याला गोव्यातला पहिला पावसाळा लागण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. प्लेफील्डला, म्हणजे गोळा ज्यावर धावतो त्या रंगवलेल्या लाकडी फळीला, ठरावीक काळाने मेण लावत राहायचे, की त्यावर पारदर्शक प्लास्टिकची शीट अंथरून ते कायमचे झाकून टाकायचे? दोन्ही उपाय चांगले आहेत, परंतु मशीन कोणत्या काळातले आहे आणि ते कोणत्या हवेत उभे राहणार आहे, हे न पाहता केलेली निवड पुढे महागात पडते.

प्लेफील्डची झीज मुळात कशामुळे होते, ते आधी पाहू. पिनबॉलचा गोळा पोलादी असून त्याचा व्यास सुमारे 27 मिलिमीटर आणि वजन सुमारे 80 ग्रॅम असते. खेळताना रबरी कड्यांचा चुरा, कॉइलमधून घासून येणारी काळी भुकटी आणि धातूचे सूक्ष्म कण प्लेफील्डवर पसरतात आणि गोळा त्यांच्यावरून धावू लागला की ते सँडपेपरचे काम करतात. म्हणूनच न पुसता लावलेले मेण ही घाण आत कोंडते, आणि न पुसता घातलेली शीटही तेच करते. गोळ्यावरून नख फिरवून पाहावे. ते कुठे अडले तर साफसफाईच्या आधी गोळा बदलावा.

आता मशीनच्या वयाकडे वळू. साधारण 1990 पूर्वीच्या बहुतेक मशीनवर लॅकरचा पातळ थर असतो, जो वयोमानाने तडकतो आणि त्या तडांमधून खालचा रंग उघडा पडतो. त्यानंतरच्या मशीनवर बहुधा क्लिअरकोट, म्हणजे कठीण पारदर्शक लेप, असतो. जुन्या लॅकरवर पाणी वापरू नये, कारण ते तडांतून प्लायवुडमध्ये मुरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रंग किंवा लॅकर विरघळू शकतो, त्यामुळे तेही सरसकट फिरवू नये. अशा ठिकाणी थोड्या नॅफ्थाने (पेट्रोलसारख्या ज्वलनशील द्रावकाने) ओलसर केलेले मऊ कापड अधिक सुरक्षित ठरते. मात्र आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी, मशीनचा प्लग काढून ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास समई किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. नोव्हस 2 सारखे बारीक खरवडणारे पॉलिश शाबूत क्लिअरकोटवर सुंदर काम करते, पण उघड्या पडलेल्या रंगावर ते रंगच पुसून नेते. काच पुसण्याचा फवारा काचेपुरताच ठेवावा.

मेण निवडताना शुद्ध कारनौबाचे घट्ट मेण घ्यावे. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरून मिळते आणि 80 अंश सेल्सिअसच्या पुढेच वितळते, म्हणजे मे महिन्यातल्या बंद खोलीतही ते टिकते. मोटारींसाठी मिळणाऱ्या ‘क्लीनर वॅक्स’मध्ये खरवडणारी पूड असते, आणि सिलिकॉन असलेल्या पॉलिशवर पुढे कधी नवा क्लिअरकोट द्यायचा झाला तर तो नीट बसत नाही, म्हणून हे दोन्ही टाळावेत. मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, ते धुरकट दिसेपर्यंत वाळू द्यावे आणि कोरड्या मायक्रोफायबर कापडाने चमक येईपर्यंत घासावे. घरच्या वापरात तीन-चार महिन्यांनी एक हात पुरतो. मेणामुळे गोळा घरंगळतो, धूळ चिकटत नाही आणि घर्षण कमी होते. गोळा आपटून पडणारे खळगे मात्र त्याने थांबत नाहीत.

ते काम शीट करते. पॉलिकार्बोनेट किंवा पीईटीजीची, त्या मॉडेलच्या मापाने कापलेली शीट घातली की गोळा रंगाला लागतच नाही, त्यामुळे जिथे रंग आधीच उडू लागला आहे अशा मशीनसाठी ती फार मोठा आधार आहे. त्यासाठी वरचे रॅम्प, रबर आणि बरेचसे खांब उतरवावे लागतात, दिव्यांचे प्रतिबिंब वाढते आणि गोळ्याची चालही थोडी बदलते. एवढे सोसता येते. मला काळजी वाटते ती ओलाव्याची. फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात जुलैमध्ये चिऱ्याच्या भिंतींना ओल सुटते. एका वर्षी जूनमध्ये घाईने शीट घातली आणि चवथीच्या साफसफाईला उचलली, तेव्हा फ्लिपरांच्या (गोळा परत मारणाऱ्या दांड्यांच्या) मधल्या भागात शीटखाली पांढुरकी बुरशी पसरलेली होती आणि एका बाणाच्या आकाराच्या इन्सर्टच्या, म्हणजे दिव्यावर बसवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या, कडेचा नखाएवढा लाल रंग शीटला चिकटून वर आला. तो रंग परत बसवता आला नाही.

मायलर, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, हा तिसरा पर्याय, पण तो चिकटणारा आहे. बंपरभोवती (गोळा उडवणाऱ्या खांबांभोवती) किंवा गोळा सतत एकाच जागी पडतो तिथे छोटा तुकडा लावणे योग्य. पूर्ण प्लेफील्डवर नको. जुन्या मशीनवर कारखान्यातूनच आलेले मायलर नीट बसलेले असेल तर ते हौसेने सोलू नये, कारण त्याबरोबर रंगही निघू शकतो.

त्यामुळे क्लिअरकोट शाबूत असेल तर मी निःशंकपणे मेणाची बाजू घेईन. 1990 पूर्वीचे, रंग उडालेले मशीन रोज खेळले जात असेल तर शीट घ्यावी. परंतु ती एप्रिल किंवा मेच्या कोरड्या दिवसांत, खालचे मेण पूर्ण वाळवून व घासून घालावी आणि पावसाळा सरताच एकदा उचलून खालची बाजू पाहावी. दोन्ही बाबतींत मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, खोलीत डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राखावी, वरून प्लास्टिक न टाकता सुती चादर टाकावी आणि मशीन पावसाळाभर बंद राहणार असेल तर सर्किट बोर्डावरच्या पेन्सिल बॅटऱ्या काढून ठेवाव्यात.