मुख्याध्यापकांसाठी केस स्टडी: आठ महिन्यांचा अनुभव

जूनपासून गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतले आम्ही नऊ मुख्याध्यापक महिन्यातल्या एका शनिवारी साखळीत जमतो आणि एकाच केसवर, म्हणजे शाळेतल्या एखाद्या पेचाच्या लिहून काढलेल्या प्रसंगावर, दोन तास बोलतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मुख्याध्यापकांकडूनही वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. माझे असे बरेच तास आजवर स्लाइड उतरवून घेण्यात गेले, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीच्या दोन केसेस आम्ही बाहेरून घेतल्या. त्यातल्या शाळेला उपप्राचार्य होते, समुपदेशक होता. आमच्याकडे मुख्याध्यापकच तास घेतो आणि माध्यान्ह आहाराची नोंदही तोच ठेवतो. चर्चा रंगली, पण हाती काही लागलं नाही.

मग मी माझ्याच शाळेची केस लिहिली. दहावीचे गणिताचे जादा तास शाळा सुटल्यावर होतात. लांबच्या वाड्यावरच्या चार मुली सतत गैरहजर. सर म्हणतात, त्यांना शिकायचंच नाही. एकीची आई म्हणते, ''टीचर, शेवटची बस चुकली तर पोर काळोखात रानातून येते.'' केस इथेच थांबते. उद्या मुख्याध्यापक काय करणार?

दहा मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं: तास सकाळी घ्या. तेवढ्यात पेडण्याहून बदलून आलेल्या एका बाईंनी विचारलं, ''या दीड पानात मुलींचं एकही वाक्य कसं नाही?'' मी गप्प झाले. मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. सोमवारी बोलले. दोघींची अडचण बसचीच होती. उरलेल्या दोघींना संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी असावं लागत होतं, आणि सकाळी पाणी भरायचं असायचं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. केस दीड पानाची, निर्णयाच्या आधी थांबणारी. लिहिणारा सगळ्यात शेवटी बोलतो. ''पालकांशी बोलेन'' हे उत्तर चालत नाही, पहिलं वाक्य काय असेल ते मोठ्याने म्हणून दाखवायचं. तिथे भलेभले अडखळतात.

मोठी अडचण एकच. गोवा एवढासा, नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. एका केसमुळे एक शिक्षिका दुखावली. आता स्वतःबद्दल लिहायचं, नाहीतर समोरच्याची परवानगी घ्यायची. सेवापुस्तक, अनुदान, रजेचे नियम यांसाठी मात्र ही पद्धत निरुपयोगी. तिथे अनुभवी क्लार्कच हवा.

नोव्हेंबरपासून गणित सकाळी होतं. चारपैकी दोघी येतात. उरलेल्या दोघींची केस पुढच्या शनिवारी आहे, आणि या वेळी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आहे.