समुद्राकाठचं घर की शहराच्या आतल्या भागातलं?

नव्या किनारी शहरात राहायला जाताना बहुतेकांचा जीव आधी समुद्राकडे ओढतो. ते साहजिक आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापतं, त्यामुळे भर दुपारी समुद्रावरून वारा आत येतो आणि काठावरची घरं त्यातल्या त्यात सुसह्य राहतात. काही किलोमीटर आत गेलं की तोच वारा इमारतींत अडतो आणि दुपार भाजून काढते.

पण काठावरचा खारा वारा काही फुकट मिळत नाही. खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, सायकलची साखळी, एसीचं बाहेरचं युनिट, सगळ्यांना लवकर गंज चढतो. दमट हवेत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी येते (हे घर बघायला गेल्यावर कोणी सांगत नाही!). जागा सखल असेल तर भरतीच्या वेळी जोरदार पाऊस आल्यास गटारांचं पाणी समुद्रात उतरत नाही, ते रस्त्यावरच तुंबतं. म्हणून घर भर पावसाळ्यात बघावं.

आतल्या भागात भाडं सहसा कमी, जागा मोठी. मात्र कामाची जागा काठाकडे असेल तर वाचलेले पैसे प्रवासात जातात, वेळ जातो तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष आत, कामाजवळ, भाड्याने काढावं. समुद्र रविवारी गाठता येतो. पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेलं घर मात्र दोन्हीकडे टाळा. संध्याकाळचं तिरपं ऊन थेट आत येतं.