अपॉस्टिल खरा, तरी दाखला बिनकामाचा

परदेशी जोडीदाराशी लग्न ठरलं की बहुतेक निबंधक कार्यालयं विवाहाला कायदेशीर अडथळा नसल्याचा दाखला मागतात. एजंट सर्वात जास्त फसवतात ते याच कागदात. ते वेळेवर लक्षात येत नाही, कारण त्यावरचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारने नेमलेलं कार्यालय लावतं ते प्रमाणपत्र, बऱ्याचदा खरा असतो.

एजंट मूळ कागद घेतो, घाईचे जादा पैसे घेतो, पण दाखला देणाऱ्या सरकारी कार्यालयात जातच नाही. ‘मी अविवाहित आहे’ असं प्रतिज्ञापत्र टाइप करून तो नोटरीकडून सही घेतो आणि त्या सहीवर अपॉस्टिल करून आणतो. अपॉस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतो. मजकुराची हमी तो देत नाही. काही देशांत असं प्रतिज्ञापत्र चालतं, काहींत अजिबात नाही. म्हणून नेमका कोणता कागद, कोणी दिलेला हवा, हे लग्न जिथे नोंदवायचं त्या कार्यालयाकडून आधी लेखी घ्या.

कागद हातात आला की अपॉस्टिलचा तिसरा रकाना वाचा. तिथे सही करणाऱ्याचा हुद्दा असतो. निबंधकाऐवजी ‘नोटरी’ दिसलं तर काय झालं ते तिथेच कळतं. अपॉस्टिलची पद्धत ठरवणाऱ्या 5 ऑक्टोबर 1961च्या हेग करारातल्या नमुन्यात असे 10 रकाने आहेत आणि वर फ्रेंच शीर्षक असतं. पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, बनावट नमुनाही हुबेहूब छापता येतो. आठव्या रकान्यातला क्रमांक सातव्यात नाव असलेल्या कार्यालयाकडून पडताळून घ्या. नोंदवही ठेवणं आणि विचारणाऱ्याला नोंद जुळते का ते सांगणं त्या कार्यालयाला करारानेच बंधनकारक आहे. कागदावरचा क्यूआर कोड मात्र स्कॅन करू नका, तो बनावट संकेतस्थळावरही नेऊ शकतो. पत्ता स्वतः शोधून टाइप करा.

‘दूतावासाने दिलेल्या कागदावर अपॉस्टिल करून देतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. दूतावासाच्या किंवा वाणिज्य दूताच्या कागदांना हा करार लागूच होत नाही. उलटा प्रकारही चालतो: कॅनडात करार 11 जानेवारी 2024पासून लागू आहे, तरी जुनी साखळी, म्हणजे एकामागून एक कार्यालयांचे आणि शेवटी दूतावासाचे शिक्के, लागते असं सांगून प्रत्येक टप्प्याचे पैसे उकळले जातात. मात्र दोन्ही देश करारात असूनही एकाने दुसऱ्याच्या करारातल्या प्रवेशावर आक्षेप घेतला असेल, तर त्या दोघांत करार लागू होत नाही. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या (HCCH) संकेतस्थळावर, करारातल्या देशांच्या तक्त्यात हे पाहता येतं.

अनुवादाचा क्रमही एजंट घाईत उलटा करतात. आधी अपॉस्टिल, मग शिक्क्यासकट अनुवाद, आणि अनुवादक ज्या देशात कागद द्यायचा तिथे मान्य असलेला. अपॉस्टिलला मुदत नसते, पण दाखला अनेक ठिकाणी 3 किंवा 6 महिनेच चालतो. फार आधी काढून दिला तर दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

संशय आला तर तो कागद सादर करू नका, मग लग्नाची तारीख पुढे गेली तरी चालेल. बनावट कागद दिल्याचा ठपका एजंटवर नाही, अर्जदारावर येतो आणि पुढे व्हिसाही अडकू शकतो. मूळ जन्मदाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा आधी परत मिळवा. मग पैशांची पावती आणि अपॉस्टिलचा क्रमांक जोडून, ज्याचं नाव वापरलं त्या कार्यालयाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार द्या.